बस जात नाही ते घर

अमेरिकेतल्या फीनिक्समध्ये जूनच्या दुपारी बसची वाट बघायची ती खांबाच्या सावलीत. स्टॉपला छप्पर असलं तरी ते अशा बेताने बांधलेलं असतं की सावली पडते रस्त्यावर आणि ऊन पडतं बाकावर. बाक पुन्हा लोखंडी. त्यावर टेकणारा माणूस एक तर नवखा, नाही तर डोक्याने सरकलेला. म्हणून मेरीव्हेल वस्तीतल्या त्या स्टॉपवर सगळे जण विजेच्या खांबाच्या सावलीत एकामागे एक उभे राहायचे आणि सूर्य सरकला की रांगही सरकायची. कडेवर मूल असलेल्या बाईला खांबाला टेकायची जागा मिळायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

ओफेलिया बराझाबाई या रांगेतल्या मुरलेल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. नवरा गेला तशी त्याची गाडी विकून टाकली. गाडी त्यांनी जन्मात एकदाच चालवली होती आणि ती नेऊन घातली होती चर्चच्या आवारातल्या संत्र्याच्या झाडावर. झाड वाचलं. पाद्रीबाबा अजून बाई दिसल्या की आधी झाडाकडे बघतात. तेव्हापासून बाईंची बस आणि बाईंचे पाय. अर्धी गोठवलेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळायची, काळी छत्री घ्यायची आणि निघायचं. बाजार, चर्चमधल्या कापडांची इस्त्री, कुणाचं बारसं, कुणाचं आजारपण. एवढ्या पसरलेल्या शहरात असा कोपरा नव्हता जिथे दोन बस बदलून बाई पोचल्या नाहीत.

"दोन्या ओफेलिया, मुलाने महाल बांधलाय म्हणे तुमच्यासाठी?" मागून चेमाने विचारलं. वयाने मोठ्या बाईला तिथे मानाने 'दोन्या' म्हणतात. चेमा न्हावी होता. हात थरथरायला लागले तशी त्याने कात्री ठेवली, पण जिभेची धार तशीच होती.

"महाल कसला! त्याच्या नव्या घरात एक खोली आहे. आठवडाभर राहून बघ म्हणतो."

"आणि आवडली तर?"

"तर इथलं घर विकायचं. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय त्याने."

"मग तुमची ही सावलीतली जागा माझ्या नावावर करून जा. साक्षीला एवढी माणसं उभी आहेत."

"मेल्या, आठ दिवसांत परत येतेय मी. एवढ्यात पाय पसरू नकोस."

रांग हसली. बाईही हसल्या, पण परत येऊच याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. कारण मागच्या उन्हाळ्यात याच स्टॉपवर त्यांना भोवळ आली होती. चेमाने बर्फाचं पाणी डोक्यावर ओतलं म्हणून निभावलं. मुलगा, रुबेन, कामावरून धावत आला आणि त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला, "आई, आता पुरे. गाडी नाही, वय झालं, एखाद्या दिवशी रस्त्यात पडशील आणि मला तिसऱ्याने फोन करून सांगायचं." मुलगा खोटं बोलत नव्हता. पण ते घर गेलं की आपण गेलो, हे त्यांना जितकं कळत होतं तितकं दुसऱ्याला समजावता येत नव्हतं.

आणि एक संशय होता. रुबेन स्वभावाने भोळा. ही खोलीची टूम सुनेची असणार, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. आठ महिन्यांची नात, घरातलं काम, फुकटात राबणारी सासू. ही सून, मारिसेला, मोजकं बोलायची, आणि मोजकं बोलणाऱ्या माणसावर बाईंचा मुळात विश्वास नव्हता.

रविवारी रुबेनने त्यांना नेलं. शहर संपल्यासारखं वाटलं, मग कापसाची शेतं आली, मग पुन्हा शहर सुरू झालं, ते एकाच साच्यातून काढलेल्या घरांचं. खोली सुरेख होती. थंडगार हवा, नवी चादर, खिडकीबाहेर खडी पसरलेलं अंगण आणि एक काटेरी रोप. बाईंनी बोट ठेवायला जागा शोधली, सापडली नाही. त्याचाच त्यांना राग आला.

सोमवारी उजाडायच्या आत रुबेन छपरांच्या कामावर गेला, आणि घरातली एकुलती एक गाडी त्याच्याबरोबर गेली. बाईंनी सवयीने बाटली टॉवेलात गुंडाळली आणि सुनेला विचारलं, "बस कुठे मिळते गं?"

"कुठली बस?"

"कुठलीही."

मारिसेला त्यांच्याकडे बघतच राहिली. "इथे बस नाही येत, आई."

"दुकान तरी असेल जवळ."

"आहे ना. गाडीने."

मंगळवारी सकाळी बाईंनी छत्री उचलली आणि तरीही निघाल्या. बस नसेल तर नसेल, पाय होते. भिंती, खडी, बंद गॅरेजं, पुन्हा भिंती. एक माणूस दिसेल तर शपथ. फुटपाथ एका ठिकाणी मध्येच संपला आणि पुढे नुसता माळ लागला. बाई थबकल्या, तेवढ्यात एक मोठी पांढरी गाडी शेजारी येऊन थांबली. काच खाली गेली. आत काळ्या चष्म्यातली बाई.

"आजी, हरवलात का? कुणाला फोन करू?"

"हरवले नाही. चालतेय."

"हो, पण कुठे?"

साऱ्या हयातीत ओफेलियाबाई या प्रश्नापाशी अडल्या नव्हत्या. तशाच मागे वळल्या. ती गाडी अर्ध्या वाटेपर्यंत हळूहळू मागे येत राहिली, काळजी म्हणून की पहारा म्हणून, कोण जाणे.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मारिसेला पहिल्यांदाच मोकळेपणाने हसली. "मलाही थांबवलं होतं. बाळगाडी घेऊन गेले होते. काय हवंय इथे, म्हणून विचारलं."

"मग?"

"मग काय. नाही जात आता."

एवढं बोलून ती बाळाला, इत्सेलला, भरवायला उठली. बाईंनीही पुढे विचारलं नाही. पण संध्याकाळी बीन्स निवडताना मारिसेलाने आपणहून विषय काढला. "आई, त्या चेमांची बायको आहे का हो?" मग दुसऱ्या दिवशी, "ती खांबाला टेकणारी बाई, तिच्या कडेवर मुलगा की मुलगी?" बाईंनी सहज म्हणून कधीतरी सांगितलेल्या गोष्टी तिला पाठ होत्या. बाईंना जरा बरं वाटलं आणि जरा नवलही.

गुरुवारी मात्र त्यांचा संशय फणा काढून उभा राहिला. रुबेनची गाडी कोपऱ्यावर वळली न वळली तोच मारिसेला न्हाणीघरात गेली. बाहेर आली ती कानात डूल, ओठांना लाली आणि अंगात इस्त्रीचा पिवळा झगा घालून. इत्सेललाही नवा फ्रॉक. बाईंनी झोपेचं सोंग घेतलं आणि एक डोळा उघडा ठेवला. सून सारखी खिडकीशी जात होती. नवरा गेल्यावर नटणारी बाई कशासाठी नटते, हे समजायला काही फार शिकावं लागत नाही. अरे माझ्या भोळ्या रुबेना, असं मनात म्हणत बाई अनवाणीच पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

ऊन अंगणात उतरलं तशी लांबून घरघर ऐकू आली. मारिसेलाने इत्सेलला कडेवर घेतलं, बाहेर गेली आणि कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला इंचभर सरकवला. तो काल रात्रीच रुबेनने जागेवर ठेवलेला होता. मग ती डब्याशेजारी उभी राहिली. कचऱ्याची गाडी आली. गाडीच्या लोखंडी हाताने डबा उचलला, उपडा केला, खाली ठेवला. वर काचेआड बसलेल्या ड्रायव्हरने हात केला आणि इत्सेलकडे बघून दोनदा भोंगा वाजवला. पोर खदखदून हसली. मारिसेलाने हात हलवला. गाडी पुढच्या घराकडे गेली.

बस्स, एवढंच. पण मारिसेला आत आली नाही. गाडी रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत ती उन्हात उभी राहिली, आणि वळल्यावरही राहिली.

पडद्यामागे ओफेलियाबाईंना स्वतःचीच अशी लाज वाटली की क्षणभर पडदा सोडवेना.

सून आत आली, सासूला खिडकीत बघून चपापली. डुलांकडे हात गेला.

"कोण आहे तो?" बाईंनी विचारलं, पण आता आवाजात पहारा नव्हता.

"नाव नाही माहीत. गुरुवारी येतो. हिला भोंगा वाजवून दाखवतो." मारिसेलाने मान खाली घातली. "रुबेन येतो तेव्हा दमलेला असतो, आई. जेवतो आणि झोपतो. त्याची काही चूक नाही. पण रविवार ते रविवार माझ्याकडे बघून हात करणारा हा एकच माणूस आहे. म्हणून जरा नीट कपडे घालते. हसू नका."

"हसत नाहीये गं."

"तुम्हाला इथे आणा म्हणून रुबेनच्या मागे मीच लागले होते. तुमच्या भोवळीचं निमित्त केलं. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुमचं घर जाईल, हे कळत होतं मला. तरी लागले." आणि मग ती इत्सेलच्या डोक्यावर हनुवटी टेकून रडायला लागली.

ओफेलियाबाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांचा तर्क अर्धा खरा निघाला होता. टूम सुनेचीच होती. पण खरा निघालेला तर्क इतका कडू लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. आता नाही म्हणून निघून जायचं तरी कसं? आणि हो म्हणायचं, तर एका भिंतीआड एक होती तिथे दोघी व्हायच्या. चादर नवी, हवा थंड, आणि दोघी मिळून गुरुवारची वाट बघायची. दिवसभर त्यांच्या डोक्यात हेच चाललं होतं.

शुक्रवारी रात्री रुबेनने जेवणावर विषय काढला. "मग आई? त्या गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, घर विकायचं नाही."

त्याने चमचा ठेवला. "आई, पुन्हा तेच. तू रस्त्यात पडलीस तर..."

"आधी माझं ऐकून घे. तू रोज पहाटे मेरीव्हेलवरूनच जातोस ना कामावर?"

"जातो. मग?"

"मग सोमवारपासून या दोघींना माझ्या दारात सोडायचं आणि परत येताना उचलायचं. मी पडले तर उचलायला तुझी बायको असेल. तुला तिसऱ्याचा फोन यायला नको ना? दुसरीचा येईल."

"पहाटे साडेचारला? बाळाला उठवून?"

"तुझी पोर चारलाच उठते. तुला माहीत नाही, कारण तू तेव्हा बूट शोधत असतोस."

"आई, इथे एवढं घर घेतलंय मी. थंड आहे, नवं आहे. दोघी त्या जुन्या घरात दिवसभर बसणार? आणि मारिसेलाला विचारलंस का? तिला ती बस, ते ऊन, ती गर्दी..." तो बायकोकडे वळला, पण तिची खुर्ची रिकामी होती. "मारिसेला? तुला चालेल का हे?"

आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग पिशवीची चेन ओढल्याचा. ती दारात आली तेव्हा तिच्या खांद्याला इत्सेलची भरलेली पिशवी होती, पायांत बूट होते आणि मुठीत इत्सेलचे दोन मोजे.

"अगं, सोमवारी," ओफेलियाबाई हळूच म्हणाल्या. "आज शुक्रवार आहे."

"माहीत आहे मला," मारिसेला म्हणाली.

पण पिशवी काही तिने खाली ठेवली नाही. रुबेनने तिच्या बुटांकडे बघितलं, आणि गिऱ्हाइकाला नाही सांगायला फोन हातात घेतला.