एकादशीचा कटला

गंडीपेटच्या तलावाला काठ एवढा, की चालत फेरी मारायची म्हटली तर शिदोरी बांधून निघावं लागेल. त्या सगळ्या काठातला लक्ष्मणरावांना फक्त एक खडक हवा होता, आणि नेमका तोच सारंगलाही हवा होता. हाडवैर जमायला याहून जास्त सामान लागत नाही.

खडकाचं नाव तवा. सपाट, पाण्यात वाकून पाहिल्यासारखा पुढे आलेला, आणि दहाच्या उन्हात असा तापायचा की बसणारा आपोआप उठावा. लक्ष्मणराव त्यावर एकतीस वर्षं बसत होते. विद्यानगरचं जुनं देशस्थ घराणं, तीन पिढ्या वकिली नाहीतर सरकारी नोकरी. ते स्वतः कोर्टात शिरस्तेदार होऊन निवृत्त झालेले. घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर, आणि हे गृहस्थ आठवड्यातून तीनदा अंधारात स्कूटर काढून मासे धरायला जायचे. खायला नव्हे, नुसते धरायला. धरलेला मासा कुलदीपसिंगच्या पातेल्यात जायचा. कुलदीप अत्तापूरचा दखनी शीख, पलीकडच्या बाभळीखाली बसणारा, आणि एवढ्या वर्षांत लक्ष्मणरावांशी न भांडलेला बहुधा एकटाच माणूस.

या नादाला पद्मावतीबाईंनी लग्नानंतर वर्षभरातच एक अट घातली होती. संस्कृतच्या मास्तरीण त्या. नियम सांगितला की त्याला पोटनियम नसायचा. महिन्यातल्या दोन एकादश्यांना गळ टाकायचा नाही, पण तलावावर जायचं आणि त्याच माशांना पोटभर घालून यायचं. अट लक्ष्मणरावांच्या अंगवळणी पडली. भुईमुगाची पेंड, ज्वारीचं भाजकं पीठ आणि चिमूटभर हिंग असे लाडू करून ते एकादशीला तव्यावर यायचे, तळहातानं पाण्यावर तीन थापा मारायचे आणि लाडू कुस्करून टाकायचे. थापा ऐकल्या की मोठाले कटले मासे पायाशी येऊन तोंडं उघडायचे. इतर दिवशी लक्ष्मणराव थापा मारत नसत. तेवढी लाज त्यांना होती.

आणि मग सारंग आला. पुण्याचा, कंप्युटरातला, तलावाकाठच्या बावीस मजली टॉवरात राहणारा. लक्ष्मणराव पंचवीस किलोमीटर दामटून पोचायचे, आणि हा चप्पल घालून चालत यायचा. सोबत घडीची खुर्ची, तीन परदेशी रॉड, मासा लागला की पिपाणीसारखी वाजणारी डबी, आणि मोबाइल उभा करायला तिकाटणं. मासा निघाला की त्याला छातीशी धरून फोटो, मग त्याच्या कपाळाचा मुका, मग परत पाण्यात. लक्ष्मणरावांनी तो मुका पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही. जबडा भोसकायचा आणि वर पापी घ्यायची, ही कुठली रीत, असं त्यांनी कुलदीपला विचारलं. कुलदीप म्हणाला, बडे लोगां, रावसाब.

वर्षभर दोघांचं शीतयुद्ध चाललं. सारंग त्यांना काका म्हणायचा, आणि ते त्यांना शिवीसारखं लागायचं. लक्ष्मणरावांनी एकदा विचारलं, "काय करून राहिले हो तुम्ही इथं?" तर हा म्हणाला, "काका, तुमचं मराठी ऐकलं की खाली सबटायटल हवीशी वाटतात." लक्ष्मणरावांनी त्याबद्दल पुढले दोन महिने त्याची सावली पाण्यावर पडली तरी थुंकून घेतलं. त्याच्या खुर्चीच्या जागी शेण पडलेलं असायचं, तेही दरवेळी म्हशीनंच टाकलेलं असेल असं नाही. तरी तवा हातचा गेला नव्हता, कारण लक्ष्मणराव तासभर आधी यायचे. ही आघाडी फक्त एकादशीला उघडी पडत होती. त्या दिवशी ते घरी पूजा आटोपून उशिरा निघायचे.

पौषातल्या एकादशीला ते लाडवांचा डबा घेऊन पोचले तर सारंग तव्यावर खुर्ची टाकून बसलेला. तीनही रॉड पाण्यात.

आता पंचाईत बघा. चारा घालावा तर वैऱ्याच्या गळापुढे ताट वाढल्यासारखं. न घालावा तर एकतीस वर्षांत न मोडलेला नेम मोडतो. दुसऱ्या जागी घालावा तर मासे तव्याशीच यायला शिकलेले. लक्ष्मणराव पाच मिनिटं उभे राहिले. मग गुडघे मोडून तव्याच्या कडेला बसले, तीन थापा मारल्या आणि लाडू कुस्करले. दहा मिनिटांत सारंगची पिपाणी वाजली. कटला निघाला तो आठ किलोंच्या वर. सारंगनं मुका घेतला.

"आज एकादशी आहे," लक्ष्मणराव म्हणाले. "आज यांना कोणी धरत नाही. ते भरवशावर येतात."

सारंगनं मासा सोडला, हात पुसले. एरवी तो हसून टाळायचा. पण शेणाचा हिशेब त्याच्याही मनात होताच. "कोणाच्या भरवशावर, काका? महिन्यातले दोन दिवस तुम्ही यांना शिकवता की हा खडक चांगला, इथं या. उरलेले दिवस तुम्हीच इथं गळ टाकून बसता. मी निदान सोडतो. तुमचे पातेल्यात जातात."

हे एकतीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. पद्मावतीबाईंनीसुद्धा नाही, आणि त्यांना सुचलं नसेल असं नाही. शिरस्तेदारकीत लक्ष्मणरावांनी भल्याभल्या वकिलांची तोंडं बंद केली होती. इथं ते एवढंच म्हणाले की तवा सोड. सारंग म्हणाला की पुढच्या एकादशीला सोडतो, हरलो तर. सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत दोघांनी बसायचं, मोठा मासा ज्याचा तवा त्याचा, दुसऱ्यानं तव्याकडे जन्मात फिरकायचं नाही. "एकादशीलाच हं. गळ टाकायची छाती असेल तर."

"हौ," लक्ष्मणराव म्हणाले. विचार त्यांनी स्कूटरवर केला, म्हणजे फार उशिरा.

पंधरा दिवस गेले. माघातल्या एकादशीला त्यांनी अंधारात रॉड गोणपाटात गुंडाळला. पद्मावतीबाई जाग्याच होत्या. त्यांनी विचारलं ते काय, तर रीळ दुरुस्तीला नारायणगुड्याला टाकायचंय, म्हणाले. नारायणगुड्याची दुकानं दहाला उघडतात हे त्या बाईंना ठाऊक होतं. त्यांनी फक्त गोणपाटाकडे पाहिलं, आणि त्यांनी तसं पाहिलं की लक्ष्मणरावांना जिना उतरायला वेळ लागायचा.

तव्याच्या एका टोकाला सारंग, दुसऱ्या टोकाला हे, मध्ये पंच म्हणून तराजूचा काटा घेऊन कुलदीप. आठपर्यंत दोघांनाही काही लागलं नाही. मग सारंगला साडेतीन किलोंचा रोहू लागला आणि तो शीळ घालायला लागला. लक्ष्मणरावांच्या गळाचं बूच पाण्यावर मेल्यासारखं पडून होतं. साडेआठ झाले.

त्यांनी रॉड मांडीवर आडवा ठेवला, वाकले आणि तळहातानं पाण्यावर तीन थापा मारल्या.

सारंगची शीळ थांबली. कुलदीप दुसरीकडे बघायला लागला. पाणी काळवंडलं, पायाशी चारपाच कटले वर आले, आणि लक्ष्मणरावांनी गळ लावलेला लाडू त्यातल्या सर्वांत थोराड तोंडापुढे अलगद सोडला. पकडायला कसब लागलंच नाही. माशानं पळायचीसुद्धा घाई केली नाही. जाळीत येईपर्यंत तो काय झालंय ते समजून घेत असावा.

काट्यानं साडेनऊ किलो दाखवले. कुलदीप आकडा सांगून म्हणाला, "रावसाब, ये मैं घर को नईं ले जाता." एवढी वर्षं नेले होते, हाच नेला नाही. मासा तव्यावर तडफडत राहिला, शेवटी सारंगनंच उचलून पाण्यात ठेवला. तो कुशीवर पडून राहिला आणि बराच वेळ हलला नाही. मुका या खेपेला कोणी घेतला नाही. सारंगनं खुर्ची मिटली, तिकाटणं काखेत मारलं आणि लक्ष्मणरावांकडे न बघता निघून गेला.

घरी पद्मावतीबाईंनी विचारलं, "घातलंत का त्यांना?"

"घातलं," लक्ष्मणराव म्हणाले. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर खोटं न बोलता कसं बोलायचं हे माणसाला येतंच.

तवा त्यांचा झाला. त्यानंतर महिनाभर त्यावर त्यांना बोटभर मासा लागला नाही. पुढच्या एकादशीला त्यांनी थापा मारल्या, लाडू टाकले; लाडू फुगून काठाला लागले आणि बगळ्यांनी खाल्ले. कुलदीप म्हणाला की पाणी उतरलंय, मासे खोलात गेले. असेलही. सारंग मात्र पलीकडे कुलदीपच्या बाभळीशेजारी बसायला लागला होता, आणि त्याची पिपाणी दिवसाआड वाजायची. दर वेळी लक्ष्मणरावांची मान ताठ व्हायची. पण उठायचं कसं? पैज काही का असेना, उठलं की तो इथं येऊन बसणार. म्हणून आठवड्याचे तीन दिवस होते त्याचे सहा झाले. स्कूटरनं कंबर धरली तरी ते येत राहिले, रिकामा गळ पाण्यात सोडून तव्यावर पहारा देत राहिले.

फाल्गुनात ते तापानं अंथरुणाला खिळले. तीन दिवस तवा उघडा पडला. तिसऱ्या दिवशी दुपारी पद्मावतीबाई काढा करायला आत गेल्या तेव्हा लक्ष्मणरावांनी उशीखालून मोबाइल काढून कुलदीपला फोन लावला. कोण बसलं होतं, एवढंच विचारलं.

"कोई भी नईं बैठा, रावसाब."

"तो? पुणेकर?"

"वो तो उधर देखता भी नईं," कुलदीप म्हणाला. "मैं बोला उसको, खाली है, बैठ. बोला, नक्को."

लक्ष्मणरावांनी फोन ठेवला. वर्षभर शेण टाकलं, नेम मोडला, त्या जागेला त्या पोरानं नको म्हणावं? एवढा अपमान त्यांचा त्या मराठीच्या टोमण्यानंही झाला नव्हता. चौथ्या दिवशी अंगात ताप असताना त्यांनी कानटोपी घातली, स्कूटरला लाथ मारली आणि ते निघाले. तव्यावर पोचून बसले. समोर बाभळीखाली सारंग होता, पाठमोरा. लक्ष्मणराव मोठ्यानं खाकरले.

त्यानं वळून पाहिलं नाही. ते पुन्हा खाकरले.