सगळ्यांचं होईपर्यंत

गेल्या महिन्यात रेखाचा, माझ्या मित्राच्या, निंबाच्या मुलीचा, फोन आला. “काका, नाना गेले...” एवढंच बोलली. बाकीचं नंतर कळलं. निंबा शेतातून आला, ओट्यावर टेकला, पाणी मागितलं, आणि पाणी येईस्तोवर सगळं संपलं होतं. इतकी घाई त्याला शोभत नव्हती. मला आधी रागच आला, रडू नंतर.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघांनी जळगावला एम. एड. केलं. विशेष विषय शैक्षणिक मानसशास्त्र. तो पिंपळनेरकडचा शेतकऱ्याचा मुलगा. मी जळगावातला, शुद्ध बोलण्याची जरा मिजास असलेला. खोली एकच होती. प्रेरणा, अवधान, बुद्ध्यंक असले जडजड शब्द आम्ही स्टोव्हवर वांगी भाजता भाजता पाठ करायचो. निंबाच्या हातच्या भरिताची चव मला पुढे कुठेही मिळाली नाही. वर्गात सर एखाद्या मनोविकाराची लक्षणं सांगू लागले की तो कानाशी लागायचा, “आपल्या रूममालकाला हेच झालंय बघ.” हसू दाबताना माझी पुरती पंचाईत व्हायची. किती सुखाचे दिवस होते ते!

प्रबंधासाठी त्यानं खेड्यातल्या मुलींच्या कामाची गती हा विषय घेतला. चाचणी सोडवून झाली की पेन्सिल खाली ठेवायची आणि आम्ही वेळ टिपायची, अशी रीत. विभागाचं स्टॉपवॉच घेऊन मीही त्याच्याबरोबर एसटीनं पिंपळनेरजवळच्या एका शाळेत गेलो. मुली भराभर लिहीत होत्या, पण पेन्सिल काही कुणी ठेवेना. शेवटी सगळ्यांच्या पेन्सिली जवळजवळ एकदमच खाली आल्या. माझ्या घड्याळाप्रमाणे सगळा वर्गच मंद ठरत होता. निंबा मात्र पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बघत होता. तिचं कधीच झालं होतं. ती लिहिलेल्यावरच पेन्सिल फिरवत बसली होती. त्यानं तिला जवळ बोलावून विचारलं. ती लाजली, मग शेजारच्या मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “सोनीनं व्हयनं नही ना. मी एकटी कशी ऊठू?”

परतीच्या बसमध्ये आम्ही पोट धरून हसलो. मार्गदर्शक सरांना मात्र हसू आलं नाही. “घड्याळात जे आलं ते लिहा आणि मोकळे व्हा,” म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं, मुदत जवळ आली होती. धुळ्याच्या एका अध्यापक विद्यालयात निंबाला जागा कबूल झाली होती, पण त्याच उन्हाळ्यात एम. एड. पूर्ण होण्याच्या अटीवर. निंबा म्हणत होता तशी पुन्हा चाचणी घ्यायची म्हणजे वर्ष जाणार, आणि जागाही. मी त्याच्याशी कडाकडा भांडलो. “लिहून टाक ना! कोण वाचतंय तुझा प्रबंध?”

त्यानं उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून ठेवला. मग म्हणाला, “मन्ही अक्काले बी मास्तरनी मठ्ठ म्हनीसन घर बठाडं, भो. आते मी बी तेच लिखू?”

त्याच्या थोरल्या बहिणीची शाळा अशी सुटली होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पुढच्या वर्षी त्यानं एकेका मुलीला वेगळं बसवून सगळी चाचणी नव्यानं घेतली. मुली चांगल्या चलाख निघाल्या. प्रबंध मंजूर झाला, धुळ्याची जागा तोवर भरली होती. मी जळगावात प्राध्यापक झालो. तो गावाजवळच्या शाळेत लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिला. मला त्याची हळहळ वाटायची. त्याला कधी वाटली असेल, तर त्यानं ती दाखवली नाही. भेटला की माझ्याच पोटाच्या घेरावर घसरायचा.

तेराव्याला गेलो. जेवणं आवरत आली तेव्हा घरच्यांची शेवटची पंगत बसली, तिच्यात मलाही बसवलं. शेजारी रेखा, पलीकडे तिची आई, भाऊबंद, बऱ्याचशा त्याच्या विद्यार्थिनी, आता लेकुरवाळ्या झालेल्या. माझं पान अजून अर्धंही संपलं नव्हतं. मान वर केली तर सगळ्यांची पानं रिकामी झालेली. ताटातच हात ठेवून, इकडचं तिकडचं बोलत, सगळे बसून होते. कुणी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हतं. मी ओशाळून उठायला लागलो, तशी रेखानं माझ्या वाटीत वरण वाढायला लावलं.

“सावकाश जेवा, काका. आम्ही बठेल शेतस.”