मारुतीपाशी सुटलेला हात

अगं, ये इकडे, जवळ बस. मनाने तरी बस, पायांनी यायचं तर तू बंदच केलंयस. ठाण्याहून कल्याणला यायला असा कितीसा वेळ लागतो गं? सीएच्या परीक्षेत नापास झालीस तेव्हापासून फोनवर नुसतं "हो आजी, नाही आजी". आजीपासून तोंड लपवायचं म्हणजे काय! तुझी ही आजी स्वतः दोनदा नापास झालीय, आणि तेही मारुतीरायाच्या साक्षीने.

माझी मोठी बहीण, तुझी शहाडची ताईआजी, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट. बाकीचं करायला बाई होती, पण तिच्या हातचं जेवण ताईच्या घशाखाली उतरेना. मग मी कल्याणहून रोज डबा न्यायला लागले. शेअर रिक्षा भरेपर्यंत बसून राहायचं, पुढे पुलावर गाड्यांची रांग, आणि रिक्षावाला सोडणार मेन रोडला. तिथून आत गल्लीत पायी. मी पोचेपर्यंत ताईने भुकेपोटी चहात खारी बुडवून खाल्लेली असायची, मग गार भात कोण जेवतंय? ताई वाळत चालली होती. डॉक्टर म्हणाले, "अंगात ताकदच नसेल तर या उभ्या कशा राहणार?"

तुझा मामा पुण्याला गेल्यापासून त्याची स्कूटर खाली धूळ खात उभी होती. म्हटलं, शिकू या. लहानपणी सायकल चालवलेली, तेवढंच भांडवल. साठी उलटलेली. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "पड कुठेतरी, आणि टाक माझ्या शेजारी खाट."

"बरंच की, गप्पा मारू," मी म्हटलं.

शेजारणीने मैदानात शिकवलं. बरी चालवायला लागले. मग लायसन्सची परीक्षा. पाय न टेकता स्कूटरवरून आठचा आकडा काढायचा. निम्मा आठ छान निघाला. वळणावर कुंपणापलीकडे मारुतीचं देऊळ. आता आयुष्यभराची सवय गं, रिक्षात असो, बसमध्ये असो, देऊळ दिसलं की हात कपाळाला. गेला की माझा उजवा हात हेल्मेटला! त्याच हातात ॲक्सिलरेटर. गाडी मंदावली, डुगडुगली, आणि पाय टेकला.

परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "आजी, हात का सोडलात?"

"मारुती आहे ना हो तिथे."

"मारुतीला कळतं, गाडीला कळत नाही. पुन्हा या."

घरी येऊन रडले थोडी, खोटं कशाला सांगू. मग मनाशी ठरवलं, आता नमस्कार करायचाच नाही. दुसऱ्या वेळी मूठ अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. देऊळ आलं. हात हलला नाही, पण डोळे मिटले! उघडले तेव्हा चाक रेषेच्या बाहेर. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ताईकडे गेले आणि म्हटलं, "जाऊ दे, माझ्याच्याने नाही होत."

ताई हसली, किती दिवसांनी. म्हणाली, "स्कूटर येते की तुला. अगं, तू नमस्कार दाबून ठेवतेस, मग तो कुठूनतरी बाहेर पडणारच. आधी करून मोकळी हो ना!"

पडल्या पडल्या तिला जे दिसलं, ते मला स्कूटरवर बसून दिसलं नव्हतं.

मग तशी सवय लावून घेतली. सरावाच्या रस्त्यावर देऊळ आलं की स्कूटर कडेला, स्टँड लावायचा, चपला काढायच्या, नीट हात जोडायचे. आणि मग त्याच देवळावरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारायच्या. लोक बघायचे, बघू देत. हळूहळू हात जागेवर राहायला लागला.

तिसऱ्या वेळी आधी देवळात जाऊन आले, मग मैदानात. साहेब म्हणाले, "झालं का दर्शन?" म्हटलं, "झालं." आठ निघाला. फार सुंदर नाही, पोट जरा फुगलेलं, पण पाय टेकला नाही.

त्यानंतर ताईकडे मुगाची खिचडी वाफाळती पोचायला लागली. तूप वितळलेलं बघून ती पहिल्यांदा "अजून वाढ" म्हणाली, तेव्हा मी वाढता वाढता तोंड फिरवून घेतलं. आता ती वॉकर धरून दारापर्यंत येते आणि उशीर झाला तर मला रागावते.

तू नापास झालीस त्याचं मला काही वाटत नाही. पण नक्की कुठल्या वळणावर तुझा हात सुटला, ते बघितलंस का? की नुसतीच रडत बसलीयस? मला त्या हिशेबांतलं ओ की ठो कळत नाही, पण तू सांगायला लागलीस की तुझं तुलाच दिसेल.

ये गं लवकर, या रविवारीच ये. जास्तीचं हेल्मेट आणून ठेवलंय. मी स्टेशनला घ्यायला येते, ताईला खिचडी देऊन येऊ दोघी. वाटेत मारुतीपाशी मात्र खाली उतरावं लागेल हं.