महानंदाचं कॉलेज: उमरी ते लातूर, व्हाया चाकूर

या ब्लॉगवर मी आजवर देवळं, बारवा आणि घाटरस्ते यांच्याबद्दलच लिहीत आलो. शाळेला सुट्टी लागली की खांद्याला पिशवी अडकवायची आणि एसटीत बसायचं, ही माझी जुनी सवय. हा प्रवास मात्र माझ्या मुलीचा आहे. मी फक्त सोबत होतो, आणि शेवटी तर सोबतही नव्हतो.

महानंदा, म्हणजे आमची नंदा, तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिला बौद्धिक अपंगत्व आहे. सुटे शब्द सावकाश वाचते, आकडे बरे येतात, जोडाक्षर आलं की अडते. आठवीपर्यंत ती उमरीत माझ्याच शाळेत शिकली. पुढं "आता पुरे" म्हणणारा मीच, तिचा बाप आणि तिचा मास्तरही. त्यानंतर सात वर्षं ती घरी होती. भाकरी थापायची, शेजारच्या लेकरांना शाळेत सोडून यायची आणि दर जूनला मला विचारायची, "अप्पा, माझं कॉलेज कधी?" मी म्हणायचो, बघू.

त्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, की लातूरच्या एका कॉलेजात अशा मुलामुलींसाठी एक वर्षाचा वर्ग चालतो. आठवड्यातले तीन दिवस कॉलेजात, दोन दिवस खऱ्या कामाच्या जागी. लेखी परीक्षा नाही, मुलीशी बोलून प्रवेश देतात. मी घरी सांगितलं आणि नंदानं त्याच संध्याकाळी पिशवी भरली. तिची आई म्हणाली, "त्या गावात प्यायला पाणी न्हाई, अन् पोरीला तिथं ठेवायलाव?" ते खरं होतं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच हे साल. जून लागला होता, ढग यायचे आणि तसेच निघून जायचे.

बुधवारी सकाळच्या रेल्वेनं आम्ही नांदेड गाठलं, तिथून ऑटोनं बसस्थानक. तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत निघा. नंतर गाडीचा पत्रा असा तापतो की खिडकीला हात लावता येत नाही. गोदावरीच्या पुलावरून खाली पाहिलं तर पाण्याची नुसती डबकी. नंदानं मोजली, सहा. लोह्यापासून पुढं रस्ता खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं आणि मधूनच एखादा टँकर, मागं पाण्याची ओली रेघ सोडत चाललेला. अहमदपूरला गाडी पंधरा मिनिटं थांबते. तिथं सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, वर तळलेली मिरची. हॉटेलात हात धुवायला पाणी नव्हतं. मालकानं ओलं फडकं पुढं केलं आणि नंदानं आधी माझे हात पुसले, मग स्वतःचे.

चाकूरला माझी थोरली बहीण राहते. तिला मी आक्का म्हणतो. तिच्याकडे टँकर आठ दिवसांनी यायचा. अंगणात प्लास्टिकच्या टाक्या, न्हाणीत हंडे, अगदी देवघराशेजारीसुद्धा कळशी भरून ठेवलेली. मुक्काम आम्ही तिथंच केला.

गुरुवारी दोघं लातूरला गेलो. चाकूरहून तासाभराचा रस्ता. वर्ग बघणाऱ्या कांबळे मॅडम चाळिशीच्या होत्या, बोलायला सरळ. त्यांनी नंदाला समोर बसवलं आणि विचारलं, "तुला काय काम करायला आवडेल?"

मी म्हणालो, "तिला तसं घरकाम सगळं..."

"गुरुजी, प्रश्न तिला विचारलाय."

नंदानं टेबलावरची तिरकी वही सरळ केली. मग ती म्हणाली, "दुकानात. वस्तू जागच्या जागी लावायला. आमच्या घरी अप्पा चष्मा कुठंबी ठेवतात, मीच सापडून देते."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. नंदाला एवढ्या गंभीरपणे कुणी काही विचारल्याचं आणि उत्तर लिहून घेतल्याचं मी प्रथमच पाहत होतो. माझ्या वर्गात ती आठ वर्षांच्या शाळेतली शेवटची तीन वर्षं होती, आणि मी हे कधी केलं नव्हतं.

मग खरी अडचण पुढं आली. "वसतिगृह बंद ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. "पाणी पुरत नाही. पाऊस पडेपर्यंत उघडणार नाही. जी मुलं रोज येऊन-जाऊन करतील त्यांच्यावरच सोमवारी वर्ग सुरू होईल. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी."

"मी सोडत जाईन की."

"तुमचीही शाळा सोमवारीच उघडते ना? आणि गुरुजी, एकटीनं येणं हा अभ्यासाचाच भाग आहे. जिला बसनं येता येत नाही तिला कामावर कोण ठेवील?"

म्हणजे नंदानं आक्काकडे राहायचं आणि रोज एकटीनं चाकूर ते लातूर करायचं. हातात तीन दिवस. त्या रात्री जेवताना मी आक्काला भीत भीत म्हणालो, "एका माणसाचं पाणी वाढंल तुला."

"मी काही म्हणलं का?" आक्का म्हणाली. "पोर कॉलेजला चालली अन् तू हंडे मोजून राहिलास."

शुक्रवारी मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही मुरुडला जाऊन आलो. लातूरहून बार्शी रस्त्यानं तासाभराच्या आत गाडी पोचते. बाजारपेठ मोठी, रसवंत्या बऱ्याच, पण त्या वर्षी ऊसच नसल्यानं निम्म्या बंद. तिथल्या एका स्टेशनरीच्या दुकानात रेखा काम करते. ती आदल्या वर्षी याच वर्गात होती. आम्ही गेलो तेव्हा ती वह्यांचे गठ्ठे सोडून पानांप्रमाणे लावत होती. दुकानदार कपाळाला भस्म लावलेले साठीचे गृहस्थ. ते म्हणाले, "पयले पंधरा दिवस लई सांगावं लागलं. खोटं कशाला बोलू, परत पाठवावं वाटलं. आता दोनशे पानी कुठाय ते मीच तिला इचारतो. दया म्हणून ठेवलं न्हाई, गुरुजी. काम करते, पगार घेते."

नंदानं रेखाला विचारलं, "तुला बसमधी भीती वाटत न्हाई?"

"वाटते," रेखा म्हणाली. "तरी येते." आणि पुन्हा वह्यांकडे वळली.

परतीच्या गाडीत नंदानं तिकीट स्वतः काढलं. सवलतीचा पास दाखवला, सुटे पैसे मोजून घेतले. अशा मुलांना घेऊन निघणार असाल तर हा पास आधी काढा, आणि तो त्यांच्याच हातात द्या.

शनिवारी एकटीच्या प्रवासाची परीक्षा. जाताना मी मागच्या बाकावर, ती पुढं, अनोळखी असल्यासारखे. कॉलेजच्या फाटकाशी मी तिचा निरोप घेतला आणि अकराच्या गाडीनं चाकूरला परतलो. तिचं प्रवेशाचं काम मॅडमकडे दोनला संपणार होतं. घरी यायचं, तेही एकटीनं. मी तिला पक्कं पाठ करून दिलं होतं: चार नंबरचा फलाट, लाल गाडी, चाकूर.

साडेतीनची गाडी आली, तिच्यात नंदा नव्हती. पुढची आली, तिच्यातही नव्हती. मी तिला फोन लावला, ती उचलेना. चाकूरच्या स्थानकात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या मारल्या सांगता येणार नाही. चहा घेतला आणि तसाच ठेवून दिला. सात वर्षं घरात ठेवली तेच बरोबर होतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. ते लिहायला लाज वाटते, पण आलं खरं.

चारच्या पुढं फोन वाजला. "अप्पा, मी आष्टामोडला हाय. गाडी उदगीरची होती. उतरले."

आष्टामोडला रस्ता फुटतो. एक चाकूरकडे, दुसरा नळेगाववरून उदगीरकडे. मी म्हणालो, "तिथंच थांब. हलू नको. मी आलोच."

"येऊ नका. दुसरी गाडी बघून राहिले मी."

"नंदा, ऐक..."

"मॅडमनं सांगितलंय. चुकलं तर उतरायचं अन् इचारायचं. मी इचारलंय. एक मावशी हाय इथं, तिलाबी चाकूरलाच यायचंय." आणि तिनं फोन ठेवला.

स्थानकाबाहेर काळीपिवळी जीप भरत होती, लातूरकडे जाणारी. मी चढून बसलो. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली तेव्हा मला रेखाच्या दुकानदाराचं ते परत पाठवावं वाटणं आठवलं, आणि त्यांनी पाठवलं नव्हतं हेही. मी "थांबा" म्हणालो आणि उतरलो. इतका अवघड प्रवास मी या ब्लॉगवर कधी लिहिलेला नाही, आणि तो जीपच्या पायरीवरून जमिनीपर्यंतचाच होता.

पाऊण तासानं अहमदपूरची गाडी आली. नंदा तिसरी उतरली. ओढणी धुळीनं माखलेली, चेहरा लाल झालेला. मला बघून आधी हसली, मग म्हणाली, "चार नंबरला उदगीरचीबी गाडी लागते. तुम्ही सांगितलं न्हाई."

खरंच सांगितलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं.

"मग तुला कळलं कसं?"

"गाडीतले सगळे म्हणत होते, उदगीर जिल्हा होणार. एक म्हणाला होणार, एक म्हणाला न्हाई होत, इतकी वर्षं ऐकून राहिलो. लई भांडले. मग मी कंडक्टरला इचारलं, समदे उदगीरचेच का बोलून राहिलेत? गाडी तिकडं चालली का? तो म्हणाला, हाव."

"फोन का उचलला नाहीस?"

"उतरायचं होतं ना. दोन्ही कामं एकदम कशी करू?"

त्या नव्या जिल्ह्याबद्दल मी पेपरात बरंच वाचलं आहे. पण त्या भांडणाचा एवढा नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही. घरी जाऊन मी हा किस्सा आक्काला सांगितला, शेजाऱ्यांना सांगितला, फोनवर नंदाच्या आईला दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा सांगताना ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. "तिला माझ्या लुगड्याची गोधडी न्यायची राहिली," एवढं ती म्हणाली. म्हणजे तिनंही आता पोरीला मनानं पाठवलं होतं.

सोमवारी नंदा वर्गाला गेली. त्याआधी रविवारी, आष्टामोडची भीती मोडावी म्हणून मी तिला पुन्हा तिकडे नेऊ का विचारलं, तर म्हणाली, भीती तुम्हाला वाटली होती.

मी रविवारी दुपारीच उमरीला एकटाच परतलो होतो. घरात चष्मा सापडत नव्हता, शोधायला अर्धा तास गेला. लोक विचारायचे, पोरगी दिसत नाही? मी सांगायचो, लातूरला कॉलेजला आहे. पहिल्यांदा ते वाक्य बोललो तेव्हा ऐकणारा पुढं काही विचारील म्हणून मी थांबलो. तो काहीच न विचारता निघून गेला. कुणाचीही मुलगी कॉलेजला जातेच की.

पण एक काम राहिलं होतं. नंदाला घरी ठेवलं त्यानंतरच्या वर्षी तशीच एक मुलगी आमच्या शाळेत होती, मंगल नावाची. तिच्या वडिलांनाही मीच सांगितलं होतं, घरी ठेवा, सुखी राहील. शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वर्ग कसला, गाड्या किती, पास कुठं मिळतो. मग शांतपणे म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच तर म्हणला होता, घरी ठेवा."

"हाव," मी म्हणालो. "चुकलं माझं."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हणालो, मंगलला बाहेर बोलवा, आता पुढचं तिलाच विचारू.