टेलरबाईंची रजईतली डुकरं

देव प्रत्येकाच्या हाताला थोडीफार चव देतो म्हणतात. ती वाटणी चालली होती त्या दिवशी टेलरबाई बहुधा कुणाच्या तरी कमरेचं माप घेत असाव्यात. त्यांच्या हातचं सूप घरात एकदाच झालं. उरलेलं सूप दादांनी मोरीच्या भिंतीतल्या भेगेत भरलं असं सांगतात. भेग आजतागायत उघडलेली नाही.

कापडाची गोष्ट मात्र वेगळी. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी टेलरबाई चष्म्याशिवाय सुई ओवतात आणि रस्त्याने जाणाऱ्याची पँट कुठे चुकली आहे ते खिडकीतून सांगतात, त्याने विचारलं नसलं तरी. लग्न जुळत आलं होतं तेव्हाही त्यांनी मुलाच्या आईसमोर सांगितलं की कोटाची डावी बाही अर्धा इंच आखूड आहे. कोट त्या आईनेच शिवला होता. ते लग्न मोडलं आणि तेव्हापासून टेलरबाई थोरल्या भावाकडे, म्हणजे दादांकडे राहतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आणि मागच्या खोलीत वहिनींचं स्वयंपाकघर. बावीस वर्षं ही हद्द दोघींनी पाळली. वहिनींच्या एअर फ्रायरला झाकण शिवून देणं, एवढाच टेलरबाईंचा त्या यंत्राशी संबंध.

दादा बस डेपोत मेकॅनिक. निवृत्तीच्या दिवसासाठी त्यांना केक नको होता, हार नको होता. "मला आपली ती रजईतली डुकरं हवीत, सगळ्यांना पुरतील एवढी," ते म्हणाले. म्हणजे छोटी सॉसेजं, भोवती लोणी घातलेल्या मैद्याची पट्टी, आणि सगळं एअर फ्रायरमध्ये खरपूस भाजलेलं. ती करावीत तर वहिनींनीच. पण आठ दिवस आधी वहिनी जिन्यात घसरल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"मी करते," टेलरबाई म्हणाल्या.

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू मांजराने दूध राखायची तयारी दाखवली.

"वन्सं, अठ्ठेचाळीस करायची आहेत. पूर्ण डेपो येणार. बिघडली तर यांच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत लोकांना तेवढंच लक्षात राहील."

"तुम्ही खुर्चीत बसून सांगा. हात माझे."

"हातांचीच काळजी आहे."

शेवटी ठरलं ते असं. जमली तर बरंच. नाही जमली तर दुकानातून काहीतरी आणायचं आणि वन्संनी पुन्हा कधी शेगडीजवळ यायचं नाही, दूध तापवायलासुद्धा नाही.

निवृत्तीच्या दिवशी दुपारी काम सुरू झालं. वहिनी सांगत होत्या आणि टेलरबाई मैदा लाटून पट्ट्या कापत होत्या. पट्ट्या इतक्या एकसारख्या की वहिनींनाही खोट काढता येईना. पण कडेला कडा फक्त टेकवून, पाहुण्याला शाल पांघरावी तशा त्यांनी त्या गुंडाळल्या. पहिली बारा आत गेली. पंख्याचा वारा सुटला. बारा मिनिटांनी टोपली ओढली, तर डुकरं उघडी, रजया जाळीला चिकटलेल्या आणि दोन पट्ट्या वरच्या तारेवर वाळत घातल्यासारख्या.

"झालं," वहिनी म्हणाल्या. "मी साडी बदलते. जाताना दुकानात थांबू." त्या गेल्या.

टेलरबाई एकट्याच टोपलीकडे बघत राहिल्या. जादा सॉसेजं होती, पीठही होतं. कापड सुटत असेल तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी दार लोटलं, देवाचं नाव घेतलं, सुई उकळत्या पाण्यातून काढली आणि प्रत्येक रजईला धावदोरा घातला. शुद्ध सुती दोरा, कारण टेरिकॉटचा वितळतो. दोन टाके, टोकाला गाठ. अठ्ठेचाळीस डुकरं पक्की झाली. चार खेपा झाल्या. एकही रजई हलली नाही. भाजून निघाली की गाठ कापायची, दोरा ओढायचा आणि बोटाला गुंडाळायचा. एका हाताने साडी नेसून वहिनी दीड तासाने आल्या तेव्हा ताटात सोनेरी डुकरांची फौज उभी होती.

वहिनींनी एक उचललं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत ठेवलं. "चला, उशीर होतोय," एवढंच म्हणाल्या. बावीस वर्षांतलं हे सर्वांत मोठं कौतुक होतं.

डेपोत खुर्च्या मांडल्या होत्या. ताट फिरलं आणि बघता बघता रिकामं झालं. दादांचा एक सोबती म्हणाला, "वहिनींचा हात मोडला तरी चव नाही मोडली."

"आमच्या वन्संनी केलीत," वहिनी मोठ्याने म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

टेलरबाईंना असं सुख कधी लाभलं नव्हतं. ते नीट भोगायचं सोडून त्या सवयीने बोटाचा गुंडाळा सोडून दोरे मोजायला बसल्या. दुकान बंद करताना टाचण्या मोजतात तशा. सत्तेचाळीस भरले. पुन्हा मोजले. सत्तेचाळीसच.

गप्प बसता आलं असतं. कुणाच्या तरी पोटात गेला असता आणि देवाने बाहेरचा रस्ता दाखवला असता. पण टाचणी विसरलेला सदरा त्यांनी आयुष्यात गिऱ्हाइकाला दिला नव्हता. त्या उभ्या राहिल्या.

"सगळ्यांनी चावणं थांबवा."

चाळीसेक जबडे जागच्या जागी थांबले. डेपोचे साहेब भाषणाला उठले होते, गाल फुगलेला.

"एका डुकरात माझा दोरा राहिलाय. पांढरा, वीतभर. ज्याच्याकडे असेल त्याने ओढू नये, मी काढते."

साहेबांनी हळूच तोंडात दोन बोटं घातली. दोरा येतच राहिला. टेलरबाई पुढे झाल्या, त्यांनी साहेबांची हनुवटी धरली, दातांतली गाठ नखाने सोडवली आणि दोरा बोटाला गुंडाळला. अठ्ठेचाळीस.

"बाई," साहेब घास गिळून म्हणाले, "एवढी पक्की शिलाई आमच्या बसच्या सीटला नाही."

डेपो हसला. दादांनी तोंडावर रुमाल धरला. वहिनी हसत नव्हत्या. टेलरबाई ताट उचलून त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"शिवलीत तुम्ही ती," वहिनी म्हणाल्या.

"शिवली."

"माझ्या स्वयंपाकघरात. सुईने."

"उकळून घेतली होती."

वहिनींनी ताटातला चुरा डाव्या हाताच्या बोटाने गोळा केला. मग म्हणाल्या, "प्लास्टर निघायला महिना आहे. रविवारी तुम्हीच करा. सुईदोऱ्याचा डबा मात्र बाहेर ठेवून यायचा."

"रविवारी करते," टेलरबाई म्हणाल्या. "डब्याचं बघू."