चार किलो दोनशे ग्रॅमची मूर्ती

हौसाबाईंनी फडकं सोडलं आणि मूर्ती थेट माझ्या काट्यावर ठेवली. काटा दागिन्यांचा, दोन किलोपर्यंतचा. मी घाईने ती उचलली आणि शेजारच्या किराणा दुकानात नेऊन वजन केलं. चार किलो दोनशे ग्रॅम.

मी नसरापुरात सोन्याचा व्हॅल्युअर आहे. लोक पतसंस्थेत दागिने तारण ठेवतात, त्यांचा कस आणि किंमत मी लिहून देतो. दगडातलं मला कळत नाही, हे मी फोनवरच सांगितलं होतं.

"मंग कुनाला तरी इचारून सांगा की," हौसाबाई म्हणाल्या होत्या.

त्या पालीच्या वरच्या धनगरवाड्यातल्या. वेल्ह्याकडे एका कॅनेडियन मॅडमच्या बंगल्यावर नऊ वर्षं स्वयंपाकाला होत्या. मॅडम जाताना मूर्ती देऊन गेल्या. अडचणीला विका, पण स्वस्तात देऊ नका, असं बजावून. आता धाकट्या लेकीचा, पूजाचा, पुण्याच्या खासगी नर्सिंग कॉलेजात नंबर लागला होता. महिनाअखेरपर्यंत नव्वद हजार भरायचे होते, नाहीतर सीट जाणार.

मूर्ती बाईची. जाड अंगरखा, आणि त्याच्या मागच्या टोपीत बाळ. कॅनडाच्या उत्तरेला बर्फात इन्युइट लोक राहतात, ते अशा मूर्ती कोरतात. दगड हिरवट-काळा, मऊ. खिळ्यानेसुद्धा ओरखडा पडतो.

"आमच्यावानीच हाय," हौसाबाई म्हणाल्या. "पाठीला पोर आन् तोंडावर वैताग."

मुंबईच्या एका लिलाव कंपनीत माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्यांना फोटो पाठवले. अर्ध्या तासात फोन आला. मी स्पीकर लावला.

"काम उत्तम आहे. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, सरळ घेईल. एक लाख चाळीस हजारांपर्यंत जाईल. फक्त तळाचा फोटो पाठवा. तिथे कोरणाऱ्याची सही आणि नंबर असतो."

हौसाबाई खुर्चीच्या कडेला सरकून बसल्या. "दुसऱ्या वर्साचं बी निम्मं निघंल," त्या हळूच म्हणाल्या.

मी मूर्ती उलटी केली. तळ गुळगुळीत होता. बोट फिरवलं. काहीच लागेना.

"इथे काही लिहिलेलं होतं का?"

"लिवलेलं न्हाई. कोंबडीनं उकरल्यावानी खरडलं व्हतं. तुमीच म्हनला, सोच्छ करून आना. मंग पाट्यावर पानी टाकून दोन दीस घासली. बगा, एक वरखडा ऱ्हायला न्हाई."

ते खरडलेलं म्हणजे कोरणाऱ्याची सही होती, इन्युइट लिपीतली. आणि घासायला मीच सांगितलं होतं. दागिन्यातला मळ आणि मेण वजनात येतात, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला मी फोनवर तेच सांगतो. वीस वर्षांची सवय. त्या दिवशीही तोंडातून तेच गेलं.

"पावती आहे? सही दिसेल असा जुना फोटो?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

हौसाबाईंच्या मोबाईलमध्ये दोन फोटो होते, दोन्ही समोरून. मॅडमच्या पुतण्याला मेल केला. मॅडम वारल्या आहेत, कागद काही सापडत नाहीत, असं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मी ते मुंबईला फोन करून कळवलं.

"मग मी ती कुणाची म्हणून विकू?" मुंबईच्या बाई म्हणाल्या. "अशा नकला खूप फिरतात. सॉरी."

पुढे सतरा दिवसांत मी पुण्यातले तीन व्यापारी फिरलो. पहिला चार हजार म्हणाला, दुसरा साडेतीन. तिसऱ्याने हातात घेतली नाही. शेवटी शिवऱ्याजवळ हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने सात हजाराला घेतली.

पैसे देताना मी हौसाबाईंना स्पष्ट सांगितलं, चूक माझी आहे. माझ्याकडून वीस हजार देऊ केले.

"ऱ्हाऊ द्या साहेब. वीसनं काय सीट मिळतीया व्हय? हात माजंच चाललं." त्यांनी तळवे बघितले. "येवडं घासायला नको व्हतं."

सीट गेली. पूजा आता वरव्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते.

त्या हॉटेलात मी मध्ये चहाला थांबलो होतो. मूर्ती गल्ल्यापाशी आहे, बडीशेपेच्या वाटीशेजारी.

आता फोनवर मी एवढंच सांगतो, वस्तू आहे तशी आणा. मळाचं वजन मी वजा करीन.