दहा सऱ्यांचा ठराव

शिरोळ तालुक्यातल्या त्या गावात रानमांजरावर बाबासोंइतकं प्रेम करणारा माणूस दुसरा नव्हता. अर्थात, मांजर दुसऱ्याच्या रानात असेपर्यंत. गावच्या निसर्ग मंडळाचे ते अध्यक्ष. तोडीच्या वेळी उसात पिलं सापडली, तर भोवतालच्या दहा सऱ्या आठ दिवस उभ्या ठेवायच्या, हा ठराव त्यांचाच. गेल्या साली मीरासाबच्या उसात पिलं निघाली, तेव्हा बाबासो कडक इस्त्रीचा सदरा घालून बांधावर उभे राहिले आणि भर उन्हात पाऊण तास बोलले. मीरासाबनं निमूटपणे सऱ्या सोडल्या.

यंदा तोडणीची टोळी मिळावी म्हणून बाबासोंनी दोन महिने उंबरे झिजवले. एकदाची टोळी आली, आणि दुपारीच तोडणाऱ्या एका बाईनं हाक मारली. पाचटात चार पिलं होती. डोळेही उघडले नव्हते.

मुकादम म्हणाला, आज राहिलेला ऊस तोडायला आम्ही परत येणार नाही, उद्या पुढचं गाव. बाबासोंनी इकडंतिकडं बघून बायकोला, मीनाबाईला, हळूच पाटी आणायला सांगितलं. पिलं ओढ्याकाठी ठेवली तरी आई शोधून काढतेच, असं नवंच शास्त्र त्यांना त्या क्षणी सुचलं होतं.

मीनाबाई जागची हलली नाही. "ठराव तुमचाच हाय की," ती म्हणाली, आणि तेही सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं.

तोवर शेजारच्या रानातून आलेल्या मीरासाबनं पिलांचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर. कुणी शाल आणली, कुणी नारळ, कुणी फेटा. अध्यक्षांनी स्वतःचा ऊस सोडला म्हणून सत्कार ठरला. सोडला का, हे अध्यक्षांना कुणी विचारलंच नाही. फेट्याखाली बाबासोंचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला, तर ते खरोखर दोनच बोलले. "सऱ्या सोडल्या."

गर्दी पांगल्यावर मीरासाब जवळ आला. आता हा गेल्या सालचं उट्टं काढणार, म्हणून बाबासोंनी मान खाली घातली.

"आठव्या दिवशी कोयता घिऊन येतो," मीरासाब म्हणाला. "दहा सऱ्या एकट्यानं तोडताना कंबर मोडती. मला ठावं हाय."

बाबासोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेल्या साली मीरासाब एकटा त्या सऱ्या तोडत होता, त्या दिवशी ते गारगोटीला रानमांजरावर व्याख्यान द्यायला गेले होते.